एल्कच्या शिकारीसाठी सॅक निवडताना: हिशेब परतीच्या ओझ्याचा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोलोरॅडोत येऊन काही वर्षं झाली, त्याआधी सह्याद्री आणि हिमालयात भरपूर ट्रेक केलेत, ६५ लिटरची चांगली ट्रेकिंग सॅक घरात आहे. यंदा परवान्यांच्या सोडतीत (ड्रॉमध्ये) मादी एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचा, टॅग (एक जनावर मारायचा परवाना) लागलाय, फ्लॅट टॉप्स नावाच्या डोंगराळ रानात, ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या रायफल सीझनला. एका मित्राला घेऊन सात दिवस आत राहायचं, तंबू गाडीरस्त्यापासून चारेक मैलांवर. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६४ किलो, खर्चाची तयारी ५०० डॉलरपर्यंत. आहे ती सॅक चालेल का, की शिकारीची वेगळी घ्यावी? घ्यायची तर किती लिटरची?

जाताना तुमची सॅक चालेल. येताना चालणार नाही, आणि या कामात सॅकची खरी परीक्षा येतानाच होते. लिटरचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी सॅकचा सांगाडा, म्हणजे चौकट, बघा, मग कमरेचा पट्टा, मग तुमच्या पाठीचं माप. हे तीन जमले की बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण ट्रेकिंग करून आलेल्या माणसाचा अंदाज नेमका इथे चुकतो. एल्कचा मोठा नर ७०० पौंडांच्या आसपास भरतो, मादी ५०० पौंडांच्या आसपास. मादीचं मांस हाडं काढून साधारण १२५ ते १६० पौंड निघतं. मधला आकडा धरा, १४० पौंड. तुमचं स्वतःचं वजन १४१ पौंड आहे. म्हणजे तुमच्याएवढं दुसरं माणूस, लहान लहान गाठोड्यांत बांधून, १० हजार फुटांवरच्या डोंगरातून चार मैल चालत आणायचं आहे. वर तंबू, स्लीपिंग बॅग आणि रायफल आहेतच.

तुमच्या अंगकाठीच्या माणसाने एका खेपेला ६० ते ६५ पौंडांच्या वर नेऊ नये. ६५ पौंड म्हणजे साडेएकोणतीस किलो, तुमच्या वजनाच्या ४६ टक्के. हे सपाट रस्त्यावर नाही, पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांवरून आणि बहुधा बर्फातून न्यायचं आहे. त्या हिशेबाने मांसाच्या तीन खेपा आणि तंबू-सामानाची एक. एकटे असाल तर चार वेळा बाहेर आणि तीन वेळा रिकामं आत, म्हणजे २८ मैल, त्यातले १६ ओझ्यासह. मित्र बरोबर असल्याने प्रत्येकी दोन खेपांत काम उरकेल: दोनदा बाहेर, एकदा आत, १२ मैल. पण हे गणित तेव्हाच जमतं जेव्हा त्याच्या पाठीवरही ते ओझं पेलणारी सॅक असते. त्याला काय देणार आहात, तेही आत्ताच ठरवा.

थोडं मांस मागे ठेवून येऊ, हा पर्याय नाही. खाण्याजोगं मांस वाया घालवणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. चारही पाय, पाठीच्या कण्यालगतच्या मांसाच्या लांब पट्ट्या, कण्याच्या आतल्या बाजूचं मऊ मांस (टेंडरलॉइन), सगळं बाहेर आणावंच लागतं. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. जनावर आपण मारलं आहे, त्याचा घास ना घास घरी पोचवणं ही मारणाऱ्याची जबाबदारी. ज्याची पाठ आणि सॅक ती जबाबदारी पेलू शकत नाही, त्याने रस्त्यापासून मैलभराच्या आतच शिकार करावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

चाकाची गाडीही विसरा. फ्लॅट टॉप्स हे १९७५ पासून विल्डरनेस म्हणून राखलेलं सुमारे २ लाख ३५ हजार एकरांचं रान आहे. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याप्रमाणे तिथे मोटार तर नाहीच, पण मांस ओढायची हाताने ढकलायची गाडीसुद्धा नेता येत नाही. याच भागातल्या ट्रॅपर्स लेकवर १९१९ साली वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला बंगल्यांसाठी जागा आखायला पाठवलं होतं. इथे काहीही बांधू नका, असा सल्ला घेऊन तो परतला. आज त्या तळ्याकाठी उभं राहिलं की तो माणूस किती बरोबर होता ते कळतं. आपल्यापुरता त्याचा अर्थ इतकाच की ओझं माणसाच्या पाठीवरून येईल किंवा घोडा, खेचर, लामा यांच्या.

आता सांगाडा. तुमच्या ट्रेकिंग सॅकमध्ये पाठीला दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा तारेची चौकट आणि एक प्लास्टिकचा पत्रा असेल. अशा सॅका १५ ते २० किलोंसाठी बनवलेल्या असतात आणि तेवढ्यात त्या उत्तम चालतात. ३० किलो टाकले की चौकट वाकते. चौकट वाकली की कमरेवरचं वजन निसटून खांद्यावर येतं, पट्टे काखेत रुततात, हात बधिर व्हायला लागतात. पाठीला वारा लागावा म्हणून ताणलेली जाळी असते त्या सॅका या कामाला सगळ्यात वाईट, कारण त्या ओझं मुद्दाम पाठीपासून लांब ठेवतात. ३० किलोचं ओझं पाठीपासून १५ सेंटीमीटरऐवजी ३० सेंटीमीटरवर गेलं की मागे ओढणारा जोर दुप्पट होतो. तो तोलायला तुम्ही कमरेतून पुढे वाकता, आणि चार मैल तसेच वाकून चालता. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईचा हंडा कण्याच्या रेषेत असतो म्हणून ती ताठ चालते. पाठीवरच्या ओझ्याला तेवढं जमत नाही, पण जितकं त्या रेषेच्या जवळ न्याल तितकं बरं.

ओझं खांद्यावरून कमरेवर आणायची युक्ती काही नवी नाही. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या बाहेरच्या चौकटीच्या सॅका विकायला सुरुवात केली, कमरेचा पट्टा त्यांच्यामुळे घरोघरी पोचला. पुढे १९६० च्या दशकाअखेरीस आतल्या चौकटीच्या सॅका आल्या आणि ट्रेकिंगवाल्यांनी बाहेरची चौकट सोडली. शिकाऱ्यांनी मात्र ती कधी पूर्ण सोडली नाही, कारण बेढब, ओलं, जड गाठोडं उघड्या चौकटीवर आवळून बांधता येतं. आजच्या चांगल्या शिकारी सॅका या दोन्हींचा संकर आहेत. चौकट कार्बन फायबरची, ॲल्युमिनियमची किंवा टायटॅनियमची, उभ्या दिशेने ताठ, पण चालताना कमरेच्या हालचालीबरोबर थोडी पिळू देणारी. दुकानात चौकट दोन्ही हातांनी धरून वरून खाली दाबा. ती कमानीसारखी वाकली तर ठेवून द्या. डावा-उजवा कोपरा उलट दिशांना पिळून पाहा, थोडी पिळली तर चांगलंच.

चौकटीची उंची हा मुद्दा दुकानदार सहसा सांगत नाहीत. खांद्याच्या पट्ट्यांपासून वर चौकटीकडे जाणारे दोन छोटे पट्टे असतात, लोड लिफ्टर म्हणतात त्यांना. त्यांनी खांद्यापासून वर तिरकं, साधारण ३० ते ४५ अंशांत गेलं पाहिजे. तसे गेले तरच ते ओढल्यावर ओझ्याचं डोकं पाठीकडे येतं आणि खांद्यावरचा भार हलका होतो. चौकट बुटकी असेल तर हे पट्टे आडवे राहतात, मग कितीही ओढा, उपयोग शून्य. बहुतेक शिकारी चौकटी २४ ते २६ इंचांच्या असतात, काहींना वरून जोड लावून वाढवता येतं.

तुमची उंची ५ फूट ५ इंच म्हणून बुटकी चौकट घ्या, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उंचीचा आणि धडाच्या लांबीचा थेट संबंध नसतो. लांब पायांचा सहा फुटी माणूस आणि तुम्ही एकाच मापाची सॅक घालू शकता. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जे सगळ्यात वर आलेलं हाड हाताला लागतं ते वरचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे, तळवे कमरेच्या हाडाच्या कडेवर. अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जिथे छेदते ते खालचं टोक. या दोन टोकांमधलं अंतर घरच्या कुणाकडून शिंप्याच्या टेपने मोजून घ्या, टेप पाठीच्या बाकाला चिकटलेली हवी. हे माप १६ ते १९ इंचांत येईल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर ५०० डॉलर घालवू नका. या मापानुसार खांद्याचे पट्टे चौकटीवर वर-खाली सरकवता आले पाहिजेत. ज्यात ते सरकत नाहीत अशी सॅक, ती नेमकी तुमच्याच मापाची निघाली तरच घ्या.

कमरेच्या पट्ट्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांची शरीरयष्टी अशी असते की कमरेची हाडं अरुंद, नितंब सपाट आणि वर थोडं पोट. त्यांच्या कमरेवर पट्टा टिकत नाही, शंभर पावलांत घसरून खाली येतो आणि मग माणूस तो इतका आवळतो की पोटात कळ येते. यावर दोन गोष्टी बघायच्या. पट्टा एकसंध सरळ नसावा. दोन बाजूंचे पंख तिरके बसवलेले असावेत, म्हणजे वरची कड आणि खालची कड वेगवेगळी आवळता येते आणि पट्टा हाडाच्या आकाराला धरतो. दुसरं, पाठीच्या खोलगट भागात बसणारी गादी असावी, ती कमरेच्या मागच्या हाडावर टेकते आणि घसरण थांबते. पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला मध्यभागी धरून बसला पाहिजे, बक्कल बेंबीच्या आसपास येतं. आणि पूर्ण आवळल्यावर दोन पंखांमध्ये किमान तीन-चार इंचांची फट उरली पाहिजे. सात दिवसांत तुमचं पोट आत जाणार आहे, पट्टा आणखी आवळायला जागा लागते. पट्ट्याचं माप जीन्सच्या मापावरून मागवू नका, टेपने कमरेच्या हाडावरून घेर मोजा. ते दोन आकडे हमखास वेगळे येतात.

मग येतो तो भाग जो शिकारीच्या सॅकला ट्रेकिंगच्या सॅकेपासून खरोखर वेगळा करतो: चौकट आणि पिशवी यांच्यामधली जागा. पिशवी चौकटीपासून सोडवून मागे ओढता येते, मध्ये मांस ठेवायचं, खाली एक कापडी झोळी किंवा फळी त्याला तोलून धरते आणि पिशवी पुन्हा वरून आवळायची. यामुळे सगळ्यात जड वस्तू थेट पाठीला लागून बसते, आणि स्लीपिंग बॅग, जॅकेट यांना रक्त लागत नाही.

बांधायचीही एक पद्धत आहे. मांस आधी विरळ विणीच्या कापडी गेम बॅगमध्ये असतं, म्हणजे त्याला वारा लागतो आणि ते गार होतं. हाडं काढलेलं मांस गोळ्यासारखं घसरत तळाशी जमा होतं, आणि ओझं खाली गेलं की सॅक मागे ओढायला लागते. म्हणून एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लांबट बॅगा करा. एक उभी ठेवा, तिच्या खालून एक आडवा पट्टा घट्ट घाला की ती खाली सरकणार नाही. ओझ्याचा मध्य खांद्याच्या फऱ्यांच्या खाली, पाठीच्या वरच्या अर्ध्यात यावा. आवळताना आधी खालचे पट्टे, मग वरचे. दहा मिनिटं चाला, थांबा, पुन्हा आवळा, मांस हमखास बसलेलं असतं. प्लास्टिकच्या पिशवीत मांस गुंडाळून नेण्याचा मोह होईल. गारठ्यात तासाभरासाठी चालून जाईल, पण गरम मांस कधीच नको, ते आतल्या आत आंबतं.

एक कायदेशीर बारकावा इथेच सांगतो. कोलोरॅडोत मांस नेताना जनावर नर होतं की मादी याचा पुरावा मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. तो तुकडा कोणत्या बॅगेत आहे हे लक्षात ठेवा आणि तो सहज काढता येईल असा बांधा. वाटेत अधिकारी भेटले तर सगळी सॅक बर्फात उलगडावी लागू नये.

आता लिटर. शिकारीच्या सॅका इथे घनइंचांत विकतात, १ लिटर म्हणजे ६१ घनइंच. सात दिवसांसाठी ५,००० ते ६,००० घनइंच, म्हणजे ८२ ते ९८ लिटर, तुम्हाला पुरेल. ७,०००, म्हणजे ११५ लिटरच्या सॅका मिळतात, पण जागा असली की माणूस ती भरतोच. ६५ लिटरमध्ये सात दिवसांचं उन्हाळी सामान तुम्ही बसवलं असेल, पण ऑक्टोबरअखेर स्लीपिंग बॅग जाड, जॅकेट जाड, वर दुर्बीण, तिपाई, चाकू आणि गेम बॅगा. माझ्या हिशेबाने तुमचं सामान असं होईल: सॅक ६ पौंड, तंबूचा तुमचा वाटा ३, स्लीपिंग बॅग आणि मॅट ४, कपडे ५, शेगडी-भांडं-गॅस २, खाणं १२ ते १३, दोन लिटर पाणी साडेचार, दुर्बीण-तिपाई ४, कापण्याचं साहित्य आणि प्रथमोपचार ३, रायफल ८. बेरीज ५० पौंडांच्या थोडी वर. यात कुठे कमी करता येईल तर खाण्यात, आणि तेही उपास करून नाही. एका ग्रॅमला साडेचार कॅलरींच्या वर देणाऱ्या गोष्टी न्या. शेंगदाणे, दाण्याचे लाडू, तूप. रात्री इन्स्टंट भातावर मेतकूट-तूप. डब्यातली राजमा-छोले नेऊ नका, त्यात तुम्ही पाणी वाहता.

पिशवी अशी हवी की शिकारीच्या दिवशी आवळून लहान होईल. तंबूपासून निघताना तिच्यात फक्त पाणी, जॅकेट, कापण्याचं साहित्य आणि डबा असतो. सात दिवसांची पिशवी चौकटीला चपटी आवळली गेली नाही तर ती झाडीत अडकते आणि डुलते. काही कंपन्यांच्या चौकटीवर लहान-मोठ्या पिशव्या अदलून-बदलून लावता येतात, ती सोय चांगली आहे, पण पहिल्या वर्षी दोन पिशव्या घेण्याची गरज नाही.

कापडाबद्दल. ५०० डेनिअर (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा नायलॉन हे सगळ्यात समंजस कापड. काट्याकुट्यांत टिकतं, फांदी घासली तर मऊ आवाज होतो. एक्स-पॅकसारखी थर चिकटवलेली कापडं हलकी आणि पाणी न शोषणारी असतात, पण थंडीत कडक होऊन कुरकुरतात. धनुष्यबाणाने शिकार करणारा ४० यार्डांच्या आत जातो, त्याच्या दृष्टीने तो आवाज म्हणजे हातचं जनावर गेलं. तुमची रायफल आहे, तुम्हाला थोडा आवाज परवडेल. कॉर्ड्युरा मात्र ओल्या बर्फात पाणी पितं आणि जड होतं, म्हणून वरून आवरण आणि आत स्लीपिंग बॅगसाठी वेगळी पाणीबंद पिशवी न्याच. शिवणी गळतात, कापड कुठलंही असो.

ते आवरण नारिंगी घ्या. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग बाहेरून घालणं बंधनकारक आहे, आणि सगळ्या बाजूंनी दिसणारी त्याच रंगाची टोपी. छापील ठिपक्यांचा नारिंगी चालत नाही, सलग रंग लागतो. मोठी सॅक घातली की पाठीवरचं जॅकेट पूर्ण झाकलं जातं आणि मागून तुम्ही तपकिरी, हलणारं, एल्कच्या रंगाचं काहीतरी होऊन बसता. विशेषतः मांस घेऊन परतताना. नारिंगी आवरण नसलेल्या माणसाबरोबर मी रायफल सीझनमध्ये चालत नाही.

खिसे, झिपा यांवर लोक तासन्‌तास बोलतात. मला तीनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पिशवी बाजूने पूर्ण लांबीची उघडावी, म्हणजे तळातली वस्तू काढायला सगळं उपसावं लागत नाही. झिपेची कडी हातमोजे घालून धरता यावी. आणि प्रत्येक झिपेवरून बाहेरून आवळणारा पट्टा असावा, कारण ३० किलोंच्या ताणाखाली झिप फाटली तर पट्टा तुम्हाला घरी आणतो.

रायफल नुसती पाठीवर बांधून चालू नका, जनावर दिसल्यावर ती काढेपर्यंत जंगल रिकामं झालेलं असतं. कमरेच्या पट्ट्याला एक छोटी खोबण आणि खांद्याच्या पट्ट्याला एक झटकन सुटणारा बंद अशी जोडणी मिळते. रायफल बाजूला उभी राहते, हात मोकळे राहतात. मांसाची खेप असेल तेव्हा मात्र रायफल रिकामी करून सॅकच्या मागच्या बाजूला आवळा आणि दोन्ही हातांत काठ्या घ्या. उतारावर गुडघे वाचवायला काठ्यांसारखं दुसरं काही नाही. छातीवरच्या दुर्बिणीच्या पिशवीचे पट्टे सॅकच्या छातीच्या पट्ट्याशी भांडतात. घरी दोन्ही एकत्र घालून बघा, बहुधा छातीचा पट्टा वर सरकवावा लागेल. (तुम्ही एच-वन-बीवर असाल तर एक गोष्ट: अशा व्हिसावर असणाऱ्यांना संघराज्याचा कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगू देतो ते मुख्यतः शिकारीचा वैध परवाना असल्याच्या आधारावर. परवाना हातात येईपर्यंत मित्राची बंदूकही स्वतःजवळ ठेवू नका.)

सॅकच्या स्वतःच्या वजनाबद्दल तुमच्यासारख्या ट्रेकरशी मी थोडा वाद घालणार. तुम्हाला दीड किलोची सॅक माहीत आहे आणि शिकारीची सॅक अडीच ते तीन किलोंची असते हे बघून दचकाल. ती जास्तीची एक-दीड किलो चौकटीत आणि कमरेच्या पट्ट्यात असते. २० किलोंच्या खाली ती खरोखर ओझंच आहे. ३० किलोंवर तीच एक-दीड किलो बाकीचं सगळं पेलते. वजन कमी करायचंच असेल तर सात दिवसांच्या कपड्यांतून करा.

आता पैसे. नवी, पूर्ण सॅक साधारण ५०० ते ८०० डॉलरला येते. माँटानातल्या बोझमनची मिस्टरी रँच, तिथलीच स्टोन ग्लेशियर, बॉइसीची एक्सो, आपल्याच राज्यातल्या ग्रँड जंक्शनची सीक आउटसाइड, ही सगळी कामाची नावं. मिस्टरी रँच डेना ग्लीसन आणि रेने सिपेल-बेकर यांनी २००० साली सुरू केली, २०२४ मध्ये ती कूलर बनवणाऱ्या येटी कंपनीने विकत घेतली. नावावरून भांडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. माझ्या पाठीला जी बसते ती तुमच्या पाठीला बसेलच असं नाही, आणि वरच्या दर्जाच्या कंपन्यांतला फरक मापातल्या इंचभर चुकीपुढे काहीच नाही.

५०० डॉलरमध्ये तुमच्यासारख्याला मी दोन वाटा दाखवीन. पहिली: यातल्याच एखाद्या कंपनीची वापरलेली सॅक. लोक दर दोन वर्षांनी नवी घेतात, जुनी चांगल्या स्थितीत विकतात. चौकटीला तडा, पट्ट्यांच्या मुळाशी उसवलेली शिवण आणि बक्कल या तीनच ठिकाणी नीट बघा, रक्ताच्या डागांनी काही बिघडत नाही. दुसरी: आहे ती ६५ लिटरची सॅक सामानासाठी न्यायची आणि मांसासाठी साधी उघडी ॲल्युमिनियमची चौकट गाडीत ठेवायची, ती २०० डॉलरच्या आत मिळते. जनावर पडलं की पहिली खेप गरजेपुरती ट्रेकिंग सॅकमधूनच, १५ किलोंच्या आत, कण्यालगतच्या मांसाच्या पट्ट्या आणि टेंडरलॉइन एवढीच, आणि येताना चौकट घेऊन परत. ही वाट मी दोन मैलांपर्यंत मनापासून सुचवतो. चार मैलांवर ती एक पूर्ण खेप वाढवते, म्हणून तुमच्या बेतात पहिली वाट बरी. मित्रासाठी मात्र ती उघडी चौकट चालेल. तो शिकार करणार नाही, फक्त ओझं वाहायला मदत करणार आहे. ती सुरुवातीपासूनच त्याच्या पाठीवर असू द्या, वर त्याचं सामान पाणीबंद पिशवीत घालून बांधा.

सॅक घरी आली की परतीची मुदत संपायच्या आत तिला तपासा. भारतीय दुकानातून तांदळाची २० पौंडांची पोती आणा, तीन. मांसाच्या जागेत दोन उभी बांधा, तिसरं आत. बांधताना लक्षात येईल की तांदूळही मांसासारखाच तळाशी सरकतो, म्हणून हा सराव फार कामाचा. बसून सॅक घाला: पाय पसरून तिला टेका, पट्टे चढवा, कमरेचा पट्टा आवळा, मग कुशीवर वळून गुडघ्यावर या आणि काठ्यांच्या आधाराने उठा. उभ्याने एका हाताने ६० पौंड उचलून खांद्यावर टाकायला गेलात तर शिकार त्याच दिवशी संपेल. उठल्यावर क्रम असा: आधी सगळे पट्टे सैल, खांदे किंचित उचलून कमरेचा पट्टा हाडावर आवळा, मग खांद्याचे पट्टे फक्त टेकतील इतके, मग लोड लिफ्टर, शेवटी छातीचा. जवळच्या टेकडीवर तासभर चाला. खांदे दुखले तर माप चुकलंय किंवा चौकट वाकतेय. कमरेच्या हाडावर लाल वळ आले तर पहिल्या काही फेऱ्यांत चालेल, पण त्वचा सोलली तर पट्ट्याचं माप बदला. पाय दुखले तर ते सॅकचं दुखणं नाही, आणखी चाला. सीझनच्या आधी आठवड्यातून दोनदा हे करा, पहिल्या आठवड्यात एकच पोतं, मग हळूहळू तीन. तांदूळ नंतर खाता येतो.

शिकारीहून आल्यावर सॅक त्याच रात्री थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने रक्त कापडात पक्कं बसतं. घामाचं मीठ आणि रक्ताचा वास राहिला तर गॅरेजमधले उंदीर पट्टे कुरतडतात. धुतलेली सॅक सावलीत वाळवा, उन्हाने नायलॉन कमजोर होतं.

आत्ता करायचं काम एकच: धडाची लांबी आणि कमरेच्या हाडावरचा घेर, दोन्ही इंचांत, तुमचे आणि मित्राचे. ते कळवलेत की कोणत्या चौकटीचं कोणतं माप घ्यायचं ते सांगतो.